चेहरेपट्टी : चेहरा लिहून ठेवण्याचा एक दप्तरी रिवाज
मराठीत चेहऱ्याच्या वर्णनाची एक परंपरा सोयरिकीच्या बोलण्यातून आली. 'नाकीडोळी नीटस' हा तिचा नमुना. दुसरी परंपरा लष्करी दप्तराची असून, माणसाची ओळख पटावी म्हणून त्याच्या अवयवांची व खुणांची जी नोंद ठेवली जाई, तिला 'चेहरेपट्टी' म्हणत. 'हुलिया' हा अरबी शब्दही त्याच अर्थाने रूढ होता.

या नोंदीचा उगम कौतुकात नव्हे, तर संशयात आहे. ठरावीक स्वार बाळगण्यासाठी वेतन किंवा जहागीर घेणारे सरदार प्रत्यक्षात कमी स्वार ठेवीत आणि हजेरीच्या दिवशी उसने घोडे व भाड्याची माणसे उभी करीत. यावर उपाय म्हणून अलाउद्दीन खलजीने घोड्यांना डाग देण्याची व स्वारांचा हुलिया लिहिण्याची पद्धत घातली आणि अकबराने १५७३-७४ च्या सुमारास ती पुन्हा चालू केली. पुढे शाहजहानच्या काळात १६३१ मध्ये मराठवाड्यातील कंधार, तर १६३६ मध्ये उदगीर व औसा हे किल्ले मुघलांकडे गेले, नांदेड हे तेलंगण सुभ्याचे मुख्य ठाणे होते, आणि फौजेबरोबर तिचे दप्तरही या मुलखात आले. दख्खनच्या फौजेचे त्या काळातील हजेरीचे कागद 'अर्ज-ओ-चेहरा' या नावाने हैदराबादच्या अभिलेखागारात जतन केलेले आहेत.

कारकून स्वाराचे व बापाचे नाव लिहून वरून खाली उतरत जाई. रंग 'गंदुमी', म्हणजे गव्हासारखा, ज्याला मराठीत गहूवर्णी म्हणतात; कपाळ 'फराख', म्हणजे रुंद; भुवया 'कुशादा', म्हणजे एकमेकींपासून सुट्या; डोळे 'मेशचश्म', म्हणजे मेंढीसारखे; त्यानंतर नाक, दाढीमिशा आणि शेवटी तीळ, तलवारीचा वण, देवीचे व्रण. या साऱ्यात 'देखणा' किंवा 'कुरूप' यांना जागा नव्हती, आणि ते योग्यच होते; कारण देखणेपण पाहणाऱ्यागणिक बदलते, कानाची फाटलेली पाळी मात्र कोणीही पाहिली तरी फाटलेलीच असते.

हा मुलूख पुढे निजामाच्या राज्यात गेला. तेथे १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू कारभाराची भाषा झाली, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य भारतात विलीन झाल्यावर यथावकाश मराठवाड्याच्या कचेऱ्यांत मराठी आली. भाषा दोनदा बदलली, तरी वर्णनाचा साचा फारसा हलला नाही. एक खूण तेवढी गळाली, कारण भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि देवीच्या व्रणांचे चेहरे नव्या पिढीत उरले नाहीत. बेपत्ता व्यक्तीविषयी पोलीस वर्तमानपत्रांत जे निवेदन देतात, त्यात 'रंग गहूवर्णी, चेहरा गोल, नाक सरळ' असा मजकूर आजही त्याच पद्धतीने छापला जातो.