जाते, गाडी आणि चरक : बारामती-इंदापूर भागातील नित्योपयोगी अवजारांविषयी एक टिपण

महसुली इतिहासाच्या अभ्यासकांस इंदापूर तालुक्याचे नाव अपरिचित नाही. प्रिंगल याची धारापद्धती अयशस्वी ठरल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट या दोन तरुण अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास याच तालुक्यात नव्या मोजणीस आरंभ केला आणि पुढे सर्व मुंबई इलाख्यास लागू झालेल्या रयतवारी पद्धतीचा पाया येथेच घातला गेला. तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ मध्ये फेरआकारणी झाली. अशा फेरआकारणीच्या वेळी तालुक्याची भरभराट झाली की नाही, हे ठरविण्याकरिता माणसे, गुरे, विहिरी, नांगर आणि गाड्या मोजण्याचा प्रघात होता. नांगर वाढले, गाड्या वाढल्या, म्हणजे रयत सुखी झाली, असा हिशेब असे.

या हिशेबात गाडीला विशेष मान होता आणि त्यास कारणही होते. पूर्वी या भागातील मालाची वाहतूक मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होई. ज्या थोड्या गाड्या होत्या त्या बोजड व ओबडधोबड असत. मोजणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याने १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात भीमेपलीकडे टेंभुर्णी येथे सुधारलेल्या, हलक्या गाड्या तयार करविण्यास प्रारंभ केला आणि त्या गाड्यांचा पुढे झपाट्याने प्रसार झाला. जमिनीची मोजणी करणाऱ्या खात्याने गाडीची बांधणीही हाती घ्यावी, हा योगायोग नव्हे. माल बाजारात पोहोचल्याखेरीज रोख धारा वसूल होणे शक्य नव्हते.

परंतु या तक्त्यांत एक अवजार कोठेही आढळत नाही. ते नांगराहून अधिक घरांत होते, वर्षातील जवळजवळ प्रत्येक दिवशी वापरले जाई आणि त्याच्यावाचून नांगरणारा मनुष्य उपाशी राहिला असता. ते म्हणजे जाते. त्यावर आकार बसत नव्हता. तेव्हा ते मोजण्याचे प्रयोजनही नव्हते. आमच्या मते या भागाच्या आर्थिक इतिहासात जी मोठी उणीव राहिली आहे तिचा उगम येथे आहे. सरकारने जे मोजले तेच इतिहासकारांनी उत्पादनाचे साधन मानले.

जात्याची रचना साधी आहे. दोन तळ्या, खालच्या तळीच्या मध्यावर खुंटी, वरच्या तळीस धान्य टाकण्याचे तोंड आणि फिरविण्याचा खुंटा. एका हाताने खुंटा ओढावयाचा, दुसऱ्याने मुठीमुठीने वैरण घालावयाची. दळण हे रोजचेच काम का झाले, याचे उत्तर धान्याच्या गुणात आहे. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. इंदापूरकडील शाळू असो की पश्चिमेकडील बाजरी असो, आठवड्याचे दळण एका दिवशी उरकून मोकळे होण्याची सोय नव्हती. पहाटेचा प्रहर जात्यावर घालविणे ही रीत होती, तशीच ती पिठाची सक्तीही होती. जात्यावरील ओव्यांचे सौंदर्य वर्णन करणाऱ्यांनी ही गोष्ट क्वचितच ध्यानात घेतली आहे.

जाते झिजे. गुळगुळीत झालेल्या तळ्यांस टाकी लावून घ्यावी लागे आणि ते काम टाकारी करीत. गावोगाव फिरून घरोघरच्या जात्यांस धार देणारा हा कारागीर बलुतेदारांच्या यादीत नव्हता; त्याचे येणे अनिश्चित असे. गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासही लागू झाला, तेव्हा ज्या फिरस्त्या जमातींवर संशयाची दृष्टी वळली त्यांत टाकारीही होते. कायदा रद्द होऊन १९५२ मध्ये अशा जमाती विमुक्त झाल्या. गावातील प्रत्येक चूल ज्याच्या छिन्नीवर अवलंबून होती त्याचीच नोंद दप्तरात संशयित म्हणून व्हावी, हा त्या काळच्या नोंदपद्धतीवरील बोलका अभिप्राय होय.

शेतातील अवजारांची कथा निराळ्या वेगाने पुढे सरकते. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला आणि १८८५ पासून त्याचे पाणी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील बारामतीकडे व पुढे इंदापूरकडे वाहू लागले. स्थानिक शेतकऱ्यांनी आरंभी पाणी बेताबेतानेच घेतले. उसाच्या लागवडीत सासवडकडून आलेल्या माळी बागाईतदारांनी पुढाकार घेतला. ज्यास पाटाचे पाणी मिळाले त्याची मोट सुटली. मोटेबरोबर ढोराचे कातडे, चांभाराची शिवण, मांगाचा नाडा व सोल हे सारे बलुत्याचे व्यवहारही सैल झाले. ऊस गाळण्याचा जुना चरक बाभळीच्या लाकडाचा असे आणि त्याच्या उभ्या लाटांस नवरा-नवरी म्हणत. त्याची जागा लोखंडी चरकाने घेतली. बेळगावी १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला व १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली; तेथील नांगर, कडबा कापण्याची यंत्रे व चरक यांचा पुढे महाराष्ट्रभर प्रसार झाला. याच कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू केले, हेही येथे नमूद करावयास हवे. १९१४ मध्ये दौंड-बारामती हा अरुंद रूळमार्ग झाला आणि गुळाच्या ढेपांस दूरची बाजारपेठ मिळाली.

आता प्रश्न असा की, गुऱ्हाळ चालू असता घरात काय होत होते? चुलवाण धगधगत असे, काहिलीपाशी गुळव्या, चरकापाशी बैल हाकणारे, मळ्यात ऊसतोडे. या साऱ्यांच्या भाकरीचे पीठ मात्र जात्यावरच पडत होते. कालव्याने शेतातील साधने एका पिढीत बदलली, घरातील साधन बदलले नाही. तेव्हा बागाईत वाढली त्या प्रमाणात जात्यावरील श्रमही काही काळ वाढले असावेत, असे अनुमान करण्यास हरकत नाही. हे अनुमान आहे, याची आम्हांस जाणीव आहे. ते पडताळण्यास आवश्यक असलेला तक्ता कोणी तयार केलेला नाही.

कायद्याच्या दप्तराकडे वळल्यास थोडा प्रकाश पडतो. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठून कर्जरोखे हिसकावले व जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरिता दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कुटुंबाच्या जगण्यास किमान कोणती वस्तू लागते, हा प्रश्न कर्जवसुलीच्या निमित्ताने न्यायालयापुढे वारंवार येत राहिला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची जी यादी आहे तीत अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे, आवश्यक बैल व बियाणे यांचा उल्लेख आहे. जाते येथेही नावाने येत नाही. ते स्वयंपाकाचे भांडे म्हणावे तर त्यात काही शिजत नाही. शेतीचे अवजार म्हणावे तर ते शेतात जात नाही. दळणकांडण करून पोट भरणाऱ्या विधवेच्या बाबतीत तरी ते कारागिराचे हत्यार ठरावयास हवे होते.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नये. मोबदला घेऊन दुसऱ्याचे दळण दळणे हा निराधार स्त्रीचा गावातील हक्काचा आधार होता. तेलाच्या एंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली तेव्हा घरधनिणीची पहाट सुटली आणि त्याच वेळी या स्त्रीची मिळकत बुडाली. खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली. स्वातंत्र्योत्तर काळात अशी एंजिने विहिरींवर व गिरण्यांत सर्रास दिसू लागली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर पुढील दोन दशकांत विजेची मोटर आली. गिरणीच्या पिठाची भाकरी गोड लागत नाही, पीठ जळते, ही वृद्ध स्त्रियांची तक्रार खोटी नव्हती, कारण वेगाने फिरणाऱ्या तळ्यांतून पीठ तापूनच बाहेर पडते. तथापि त्या तक्रारीसाठी कोणी खुंट्यास पुन्हा हात घातला, असे झाले नाही. आणखी एक फरक पडला. दळणाचे पैसे रोख द्यावे लागू लागले. घरात जे काम फुकट होत होते त्याचा दर गिरणीच्या पाटीवर प्रथमच लिहिला गेला, आरंभी पायलीस व दशमान वजने आल्यावर किलोस.

जवळजवळ त्याच काळात चरकही शेतातून उठला. इंदापूर तालुक्यात कळंब येथे वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना १९३० च्या दशकात उभा राहिला होता व त्यातून वालचंदनगर वसले. १९५० च्या दशकात माळेगाव व भवानीनगर येथे सहकारी कारखाने झाले. चरक कारखान्यात गेला आणि जाते गिरणीत गेले, दोन्ही स्थलांतरे सारखीच. पहिल्याची भागधारकांची यादी, इतिवृत्ते, ताळेबंद सारे उपलब्ध आहे. दुसऱ्याचा कागद नाही. कोणत्या गावी पहिली गिरणी कोणत्या वर्षी आली, एवढी साधी नोंदही एकत्र सापडत नाही.

एक साधन मात्र शिल्लक आहे. हेमा राईरकर व गी प्वातवॅं यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरील ओव्या टिपून घेतल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. भाषा व लोकसाहित्य यांच्या अभ्यासकांनी त्या संग्रहाचा आदर केला आहे. श्रमाच्या इतिहासाची सामग्री म्हणून तो तपासला जावयास हवा. दळण किती, कोणाबरोबर, कोणत्या प्रहरी, दुसरा हात कोणाचा (सासूचा, जावेचा की माहेरी आलेल्या लेकीचा), याचे तपशील ओवीत सहजी येऊन जातात, कारण त्यांत सांगणारीस विशेष असे काही वाटत नाही.

आज बारामती-इंदापूरकडे जाते दिसते ते बहुधा लग्नघरी, हळद दळण्यापुरते, खुंट्यास सुपारी बांधलेले. एरवी परसात पालथे घातलेले. ज्या स्त्रियांनी ते रोज ओढले त्या आता वृद्ध आहेत. या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ज्यांची गावे नीरेच्या व भीमेच्या खोऱ्यात आहेत त्यांनी सुटीत घरी गेल्यावर तीन गोष्टी लिहून आणाव्यात : गावात पहिली गिरणी कोणत्या साली व कोणाच्या एंजिनावर सुरू झाली, त्यापूर्वी मोबदल्यावर दळण कोण दळीत असे, आणि गिरणी आल्यावर त्या घराचे पुढे काय झाले.