वाघोटन खाडीची वाट

कोकणच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या नद्या लांबीने लहान आहेत. सह्याद्रीतून निघून अल्पावधीतच त्या समुद्राला मिळतात. मात्र समुद्राचे पाणी त्यांच्या पात्रात दूरवर शिरते, आणि त्यातूनच कोकणच्या खाड्या तयार झाल्या आहेत. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वाघोटन ही अशीच एक खाडी. तिच्या मुखाशी, दक्षिणेच्या बाजूस समुद्रात घुसलेल्या भूशिरावर विजयदुर्ग उभा आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांत या किल्ल्याचे नाव 'घेरिया' असे येते. मराठ्यांच्या आरमाराचा हा अनेक वर्षे मुख्य आधार होता. त्या आधाराचे मोल केवळ तटबंदीत नव्हते. पाण्याखालची वाट ओळखणाऱ्या माणसांत आणि खाडीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या वस्तीतही ते होते.

उथळ खाडीत गलबत आणणे हे धीराचे काम असते. ओहोटी लागलेली असताना अनुभवी तांडेल आत शिरत नाही. ओहोटीत गलबत वाळूवर टेकले, तर पाणी उतरत जाते आणि ते तिथेच अडकते; पुढच्या भरतीपर्यंत काही तास वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. भरती चढत असताना टेकले, तर थोड्याच वेळात वाढते पाणी त्याला आपोआप उचलून घेते. म्हणून मुखाबाहेर थांबायचे, भरती सुरू झाली की शीड उतरवून वल्ह्यांवर हळूहळू आत यायचे, हा रिवाज. नाळेवर उभा असलेला खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून किती वाव पाणी आहे ते पुकारतो. पाणी आणखी कमी झाले की बांबूनेच तळ चाचपतो. नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाशी पाणी खोल असते आणि आतल्या काठाशी वाळू साचते. काठावरचे देऊळ आणि मागच्या डोंगराचा माथा एका रेषेत आले की सुकाणू वळवायचे, अशा खुणा बाप मुलाला दाखवून ठेवी. दर पावसाळ्यात वाळूचे पट्टे सरकत, त्यामुळे हे ज्ञान दर वर्षी नव्याने तपासावे लागे.

मराठ्यांच्या नौकांची बांधणीही या पाण्याला साजेशी होती. गुराब ही लांबीच्या मानाने रुंद आणि तळाशी उथळ असे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 150 टनांची, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे 300 टनांची. गलबत त्याहून लहान, क्वचितच 70 टनांच्या वर, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की युरोपीय जहाज जागीच खोळंबे. गलबते मात्र गुराबेला ओढत खाडीत घेऊन जात. मुखापासून काही अंतरावर आत, गिर्ये-रामेश्वर परिसरात, खडक कोरून तयार केलेली गोदी आजही पाहावयास मिळते. मोकळ्या समुद्रावरून जाणाऱ्या जहाजाला आतले काहीच दिसत नसे.

सरखेल कान्होजी आंग्रे यांनी या स्थळाचे सामर्थ्य पुरेपूर ओळखले होते. 1720 मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर स्वारी केली. उथळ पाण्यातून तोफा जवळ नेता याव्यात म्हणून त्यांनी सपाट तळाची एक खास तरंगती तोफनौकाही बरोबर आणली होती. तरीही त्यांना परतावे लागले. 1724 मध्ये डचांच्या आरमाराचीही तीच गत झाली. या अपयशांमुळे घेरिया अजिंक्य आहे, त्याच्या जवळ मोठे जहाज जाऊच शकत नाही, असा समज पसरला. हा समजही किल्ल्याचा एक तटच होता.

तो तट प्रथम एका दोरीने पाडला. कान्होजींच्या निधनानंतर आंग्रे घराण्यात दुफळी माजली, आणि विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडे आला. तुळाजी शूर होते, पण पेशव्यांशी आणि शेजाऱ्यांशी त्यांचे वैर विकोपाला गेले होते. पेशव्यांचा राग निराधार नव्हता. परंतु तो शमवण्यासाठी बाळाजी बाजीराव पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीचा आरमारी अधिकारी विल्यम जेम्स विजयदुर्गाची टेहळणी करण्यास आला. त्याने पाण्याची खोली मोजून घेतली आणि मुंबईला कळवले, की किल्ला ऐकिवात आहे तितका उंच नाही, आणि मोठी जहाजे तोफेच्या माऱ्यात येतील इतके पाणी त्याच्याजवळ आहे. पिढ्यान् पिढ्या टिकलेला समज त्या मोजणीने संपला.

12 फेब्रुवारी 1756 रोजी ॲडमिरल वॉटसनची जहाजे खाडीच्या मुखातून आत शिरली. बरोबर कर्नल क्लाइव्ह होता. आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना बांधून उभे होते. एरवी संकटकाळी अशा आरमाराचा आसरा म्हणजे खाडीचा आतला भाग. परंतु आतल्या पाण्याची सुरक्षितता काठावरच्या जमिनीवर अवलंबून असते, आणि जमिनीवर पेशव्यांची फौज उभी होती. स्वतः तुळाजी बोलणी करण्यासाठी त्याच फौजेच्या छावणीत गेले होते. दुपारनंतर एक पेटता गोळा एका जहाजावर पडला. ते जहाज कंपनीकडूनच पूर्वी जिंकलेले होते. एकत्र बांधलेल्या नौकांमधून आग पसरली आणि थोड्याच अवधीत सारे आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

विजयदुर्ग त्याच वर्षी तहाने पेशव्यांकडे आला. पुढे आनंदराव धुळपांनी तेथून आरमाराची धुरा सांभाळली, आणि 1783 मध्ये रत्नागिरीजवळ इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडले. मात्र जळालेल्या आरमाराची जागा पूर्णपणे भरून निघाली नाही.

या घटनेचा धागा कोकणातच संपत नाही. वॉटसनची 'केंट', 'टायगर' आणि 'सॉलिसबरी' ही जहाजे 1756 च्या अखेरीस बंगालकडे वळली. हुगळीवरील चंद्रनगरास फ्रेंचांनी नदीत जहाजे बुडवून वाट अडवली होती. इंग्रजांनी होडीतून पाणी मोजले, बुडालेल्या जहाजांमधली फट शोधली, आणि 23 मार्च 1757 रोजी याच तिन्ही जहाजांनी तेथे मारा केला. त्यानंतर तीन महिन्यांनी प्लासी झाली. कोकणच्या खाडीत आपसांतील वैरापायी जे दार उघडले गेले, त्यातून आत आलेले सामर्थ्य वर्षभरातच देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले होते.

विजयदुर्गाच्या इतिहासाकडे आपण बहुधा बुरूज मोजत पाहतो. वाघोटनची खाडी वेगळे काही सांगते. तिची वाट तांडेलांच्या स्मरणात होती, पण त्या स्मरणाला काठावरच्या माणसांच्या एकजुटीचे बळ हवे होते. शत्रूने पाणी मोजले, ही त्याची दक्षता; त्याच वेळी काठावरची जमीन परकी झाली, हे आपले दुर्दैव. मराठी घरांपासून दूर, देशाच्या निरनिराळ्या प्रांतांत वाढलेल्या मुलांना हा इतिहास शिकवताना पराक्रमाच्या कथांबरोबर हे पानही उघडावयास हवे. आजही वाघोटनच्या मुखाशी मच्छीमारांच्या होड्या भरतीची वाट पाहत थांबतात, आणि पाणी चढू लागले की त्याच जुन्या खुणा धरून आत येतात.