यंत्रांचे दोन पंथ

स्मार्त व वैष्णव हा भेद आपणांस नवा नाही. परंतु यंत्रांच्या पायीही पंथ निर्माण व्हावेत, हे नवल आमच्या पिढीने पाहिले. १९८१ साली मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालणारा आयबीएमचा संगणक आला आणि १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश. दोहोंचे अभिमानी एकमेकांस पाखंडी लेखू लागले. १९९७ च्या ऑगस्टात मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवीत असल्याची घोषणा स्टीव्ह जॉब्स यांनी बॉस्टन येथे केली. पडद्यावर बिल गेट्स दिसताच ॲपलच्या भक्तांनी त्यांची हुर्यो उडविली. धन्यांनी तह केला, तरी सैन्याचे वैर शमले नव्हते!

या भांडणात आपल्या देवनागरीचे हाल मात्र निराळेच झाले. प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे. त्यामुळे म्हापशात एका संगणकावर जुळविलेली जत्रेची पत्रिका दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांचा ढीग होई. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीस १२८ स्थानांचा स्वतंत्र कप्पा दिला आणि पुढे दोन्ही पंथांनी तो मानला. आज मराठीचा असो वा कोंकणीचा, 'क' कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो.

वकिलाच्या दृष्टीने वाचता न येणारा दस्तऐवज हरवल्यासारखाच. देवस्थानांचे जुने अहवाल अद्याप त्या फॉन्टांत अडकले असतील, तर ते वेळीच युनिकोडात उतरवून घ्यावेत. पंथ कोणताही असो, अक्षर टिकले पाहिजे.