ई-रीडरची वही कशी झाली

मोठ्या स्क्रीनवर पेनाने लिहू देणारा पहिला ठळक ई-रीडर २००६ साली नेदरलँड्समध्ये तयार झाला. फिलिप्समधून वेगळ्या झालेल्या आयरेक्स टेक्नॉलॉजीजने ‘इलियाड’ बाजारात आणला, तेव्हा सहा इंची स्क्रीन हीच रूढ होती. कादंबरीला तेवढी पुरते. ए-फोर आकाराचा शोधनिबंध किंवा करारनामा मात्र तिच्यावर वाचवत नाही. इलियाडची स्क्रीन ८.१ इंची होती. डाव्या कडेची पट्टी सरकवली की पान उलटे आणि वाकॉमच्या पेनाने समासात टीप करता येई. या पेनाला बॅटरी लागत नसे. स्क्रीनमागची पाटी विद्युतचुंबकीय क्षेत्र निर्माण करी आणि पेनातल्या तारेच्या वेटोळ्याला त्यातूनच ऊर्जा मिळे.

तंत्र होते, पण गिऱ्हाईक मोजके. या ई-रीडरांच्या ई-इंक स्क्रीनमध्ये विद्युतभारित काळे-पांढरे कण द्रवातून सरकतात. ते जागेवर बसले की वीज लागत नाही, म्हणून बॅटरी टिकते. पण सरकायला वेळ लागत असल्याने रेघ पेनाच्या मागे रेंगाळे. ॲमेझॉनने २००९ मध्ये ४८९ डॉलरला काढलेल्या ९.७ इंची किंडल डीएक्सला पेनच नव्हते. त्याचा रोख पाठ्यपुस्तके आणि वृत्तपत्रांवर होता. एप्रिल २०१० मध्ये तेवढ्याच आकाराचा रंगीत आयपॅड ४९९ डॉलरपासून मिळू लागला. त्याच जूनमध्ये आयरेक्सने दिवाळखोरी जाहीर केली. प्लास्टिक लॉजिकने जानेवारीत गाजावाजा करून दाखवलेला ‘क्यू’ हा ई-रीडर ऑगस्टमध्ये गुंडाळला गेला.

सोनीने मग कचेरीतला कागद हेरला. २०१३ च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या १३.३ इंची डीपीटी-एस१ मध्ये काचेऐवजी प्लास्टिकचा पाया होता, त्यामुळे वजन जेमतेम ३५८ ग्रॅम भरले. तो फक्त पीडीएफ उघडे. अमेरिकेत किंमत ११०० डॉलर असल्याने वकील, प्राध्यापक आणि संस्था यांच्यापलीकडे तो फारसा गेला नाही.

ऑस्लोच्या रिमार्केबलने २०१७ मध्ये आपले १०.३ इंची यंत्र कागदी वहीला पर्याय म्हणूनच विकले. रेघ उमटण्यातला विलंब २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत २१ मिलिसेकंदांवर आल्याचे कंपनीने सांगितले. चीनच्या ओनिक्सने अँड्रॉइडवर चालणारी बूक्स यंत्रे काढली. पुस्तकविक्रेत्या कंपन्या सर्वांत शेवटी आल्या : कोबो २०२१ मध्ये एलिप्सा घेऊन, ॲमेझॉन २०२२ मध्ये किंडल स्क्राइब घेऊन. या वेळी दोघांनीही यंत्रासोबत पेन दिले.