कुरणात गेलेली शाळा

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की राष्ट्रीय महामार्गावर शहापूर लागतं. महामार्गाची अखंड वाहतूक, जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, आणि त्यापलीकडे धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव. अशा गावात चार वर्षांच्या मुलाला तलावाच्या पाळीवर न्यावं का, असं विचारलं तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं: कशाला जोखीम, अंगणात खेळू द्या. या उत्तरामागची माया खरी आहे. पण त्यामागे इतिहासाविषयीची एक समजूतही आहे. पूर्वी पोरं रानात मोकाट हिंडायची, कुणी बघायचं नाही, तरी निभावून जायचं, आता काळ वाईट आला, अशी ती समजूत. मला ती चुकीची वाटते. पूर्वी मुलं बाहेर होती कारण मोठी माणसं बाहेर होती. मुलांचा सांभाळ व्हायचा तो मोठ्यांच्या त्या वावरामुळे. तो वावर आटला, आणि धोका मात्र होता तिथेच राहिला.

भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया या तलावांच्या जिल्ह्यांत हे स्पष्ट दिसतं. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणून आज ते ओळखले जातात. तलाव म्हणजे नुसतं पाणी नव्हे, ती दिवसभर चालणारी कामाची जागा होती. ढिवर मासे धरत, ढोरं पाण्यावर येत, बाया धुणं धुवत, कुणी बांधीला पाणी सोडत असे. रोवणीच्या दिवसांत आया चिखलात वाकलेल्या आणि लेकरं धुऱ्यावर, हाकेच्या अंतरावर. मोहफुलांच्या हंगामात भल्या पहाटे सगळं घरच झाडाखाली जाई, कारण फुलं वेचायला अस्वलही येतं आणि एकट्याने जाण्यात शहाणपण नाही हे साऱ्यांना ठाऊक होतं. पाणी कुठे खोल आहे, सांडव्याची ओढ कधी वाढते, गाळात पाय कुठे रुततो, हे मुलाला पाठ्यपुस्तकातून कळत नव्हतं. रोज तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या ओरडण्यातून कळत होतं. मालगुजारी १९५०च्या कायद्याने संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे नळ आले, बोअरवेल आल्या, घरची ढोरं कमी झाली. यातली बरीचशी प्रगती हवीशीच होती. पण तिने पाळीवरची माणसं कमी केली, आणि माणसं नसलेली पाळ लहान मुलाला खरोखरच धोक्याची असते.

मग बाहेर नेणं सोडूनच द्यायचं का? महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला हा प्रश्न पाऊण शतकापूर्वी कसा हाताळला गेला ते पाहण्यासारखं आहे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरींचं बालशिक्षणाचं शास्त्र त्यांना मान्य होतं, पण त्यातली महागडी साधनं गरिबांच्या मुलांपर्यंत कशी पोहोचणार, ही टोचणी ताराबाईंना होती. १९४५मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बिया, खडे, शिंपले, पानं, माती हीच साधनं झाली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं, तेव्हा खरी अडचण समोर आली. मुलं शाळेत येत नव्हती, कारण थोरली ढोरांमागे जात आणि मधली धाकट्यांना कडेवर घेऊन बसत. त्यांना दोष देत बसण्याऐवजी या दोघींनी शाळेचीच जागा बदलली. जिथे ढोरं चरत होती तिथे शिक्षक गेला, ती कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी. तान्ही पाळणाघरात सुरक्षित राहिली की त्यांना सांभाळणारी भावंडं शिकायला मोकळी होत.

कुरणशाळेचं कौतुक आपण शिक्षणाचा प्रयोग म्हणून करतो. मला ती सांभाळाची व्यवस्था म्हणून अधिक मोलाची वाटते. कुरणात साप होते, ओढे होते, पाऊस होता. त्यांपैकी काहीही कोसबाडने हटवलं नाही. त्याने तिथे एक जबाबदार प्रौढ माणूस उभा केला. डेन्मार्कमध्ये लहानग्यांच्या जंगलशाळा १९५०च्या दशकात सुरू झाल्या आणि जगभर नावाजल्या गेल्या. त्याच सुमारास आपल्याकडे, त्याहून कितीतरी कमी पैशांत, हे घडत होतं. याचा आपल्याला विसर पडावा याचं मला वाईट वाटतं.

यावर गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा, की जुन्या काळी मुलं फार मरत. त्या काळाचे गोडवे कशाला? मरत होती, हे खरंच. पण त्यांना नेणाऱ्यांत देवी, हिवताप, हगवण, गोवर हे आघाडीवर होते. बालमृत्यू घटले ते लसींनी, स्वच्छ पाण्याने, मीठ-साखरेच्या पाण्याने. मुलांना घरात बसवल्याने नव्हे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ढोरं राखणं हा खेळ नव्हता, ती पोटासाठीची राबणूक होती. हेही मान्य. ढोरांमागचं ते बालपण परत यावं असं मी म्हणत नाही. परत यावा तो मुलांमागे कुरणात जाणारा शिक्षक. तिसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पाणी चुकीला दुसरी संधी देत नाही. इथे बांगलादेशाचा अनुभव उपयोगी पडतो. तिथे पाच वर्षांखालची मुलं बहुधा घराजवळच्या डबक्यात किंवा तळ्यात बुडत, आणि तीही सकाळी आई घरकामात गुंतलेली असताना. म्हणून गावोगाव ‘आंचल’ नावाची पाळणाघरं नेमकी त्याच वेळात चालवली गेली आणि बुडून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. जागतिक आरोग्य संघटनाही आता कुंपणाबरोबरच लहानग्यांसाठी देखरेखीची पाळणाघरं आणि शाळकरी मुलांसाठी पोहण्याचं शिक्षण सुचवते. कुंपण हवंच, विशेषतः विहिरीला आणि खोल खड्ड्याला. पण गावातला प्रत्येक तलाव कुंपणात घालता येत नाही, आणि पाणी कधी न पाहिलेलं मूल दहाव्या वर्षी एकटंच तिथे पोहोचलं तर त्याला वाचवणारं ज्ञान त्याच्यापाशी नसतं.

शहापूरसारख्या गावात हा हिशेब शेवटी अंगणवाडीच्या दारात येऊन थांबतो. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेच्या मुळाशी कोसबाडचं काम होतं, असं मानलं जातं. पण तिची रचना खोलीभोवती आखली गेली: एक सेविका, एक मदतनीस, पोषण आहार, नोंदवह्या. मुलांना घेऊन धुऱ्यापर्यंत जायचं तर एकीने पुढे आणि एकीने मागे चालायला हवं, आणि खोलीत राहिलेल्या धाकट्यांपाशी तिसरी हवी. महामार्ग ओलांडावा लागणार नाही अशी वाट निवडावी. वीज कडाडू लागली तर बाहेर पडूच नये. भंडाऱ्याच्या मे महिन्यात सकाळी आठनंतर फेरी नको. साप दिसला तर हात न लावता मागे सरकायचं, आणि चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, हे सेविकेला आणि पालकांना आधी सांगून ठेवावं. यातली कुठलीही गोष्ट अवघड नाही. अडतं ते तिसऱ्या बाईपाशी. तिचं मानधन ग्रामपंचायतीने द्यायचं की जिल्हा परिषदेने, हा वाद गावाने ग्रामसभेत खुशाल घालावा. मुलांची फेरी सुरू करायच्या आधी तो एकदा निकाली निघालाच पाहिजे.