कावा आणि खरारा

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की आधी खजाना बावडी येते, मग डोंगर जवळ येतात, बिंदुसरेचे पाणी दिसते आणि पाली येते. पुढे मांजरसुंब्याचा घाट. तिथून एक फाटा नेकनूर, केजवरून अंबाजोगाईला जातो. या रस्त्यावरून एस.टी. धावायला लागण्याआधी शेकडो वर्षे घोडी धावली. आज पालीत घोडे दिसते ते लग्नाच्या वरातीत. नवरदेव खाली उतरला की भाड्याचे घोडे टेंपोत चढते.

आमच्या माळवदाच्या घरात एका कोनाड्यात लोखंडी दात असलेली एक चौकोनी वस्तू पडलेली असे. दादी तिने करपलेली पातेली घासायची. पुढे कधीतरी कळले की तो खरारा आहे, घोड्याचे अंग साफ करण्याचा. घरात कोणाच्या घोड्याला तो लागला, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. आमच्या बहुतेक घरांचा इतिहास असाच भांडी घासत संपलेला आहे. कागद नाहीत, वंशावळ नाही. उरल्या आहेत वस्तू, आडनावे आणि शब्द. या लेखात मी प्रामुख्याने शब्दांच्या मागे गेलो आहे.

पहिला शब्द 'कावा'. गनिमी काव्यातला. आपण त्याचा अर्थ डावपेच, कपट असा घेतो. पण उर्दूचे जुने कोश उघडले तर 'कावा देना' म्हणजे घोड्याला लांब दोरीवर वर्तुळात फिरवून शिकवणे. शिकवणारा मधोमध उभा राहतो, घोडा त्याच्या भोवती फिरतो. आधी डावीकडून, मग उजवीकडून. माणसासारखीच घोड्यालाही एक बाजू सोपी आणि एक अवघड असते. अवघड बाजू मऊ होईपर्यंत कावा चालतो. अशा तालमीत तयार झालेले घोडे भरधाव जाताना स्वाराच्या मांडीच्या दाबासरशी मागच्या पायांवर भार घेते आणि जागच्या जागी वळते. शत्रूवर चालून जायचे, त्याला अंगावर घ्यायचे आणि तो जवळ येताच वळून निसटायचे, ही दख्खनी लढाईची रीत अशा घोड्यावाचून शक्यच नव्हती. गनिमी काव्यातला कावा हाच असावा, असे मला वाटते. भाषेच्या जाणकारांनी माझे चुकत असेल तर जरूर सांगावे.

ही रीत मलिक अंबरने निजामशाहीत नावारूपाला आणली. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस. त्याच्या फौजेत मराठे बारगीर होते, दख्खनी मुसलमान होते, हबशी होते. 1624 साली नगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला पाणी पाजले. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. या फौजांची घोडी आमच्या याच बालाघाटात चरली. दख्खनी घोडे उंचीला कमी, पण काटक आणि कमी चाऱ्यावर निभावणारे. चौल, दाभोळ या बंदरांत उतरणाऱ्या अरबी घोड्यांचे रक्त त्यात मिसळत गेले आणि भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू नावाजले गेले. त्या भीमथडी घोड्याला देशाच्या पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने 2024मध्ये स्वतंत्र जात म्हणून प्रमाणपत्र दिले. म्हणजे जात नोंदवली गेली तेव्हा तिच्यावर बसून लढणाऱ्यांची नातवंडे-पतवंडे मोटारसायकलवर होती!

आता मोमिनाबादकडे वळू. अंबाजोगाईचे निजामी काळातले हे नाव. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज होती तिला हैदराबाद कॉन्टिन्जन्ट म्हणत. 1853च्या तहाने तिच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद इथे तिच्या छावण्या होत्या. मोमिनाबादची छावणी घोडदळाची. बीड जिल्ह्यात घोड्याचे शिक्षण पद्धतशीर, रोजच्या रोज, वर्षानुवर्षे कुठे चालले असेल तर ते तिथे.

हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन नोकरीला येणारा. सरकार त्याला महिन्याचा पगार देई आणि त्यातच त्याने स्वतःचे व घोड्याचे पोट भरायचे. त्याच्या या हक्काला असामी म्हणत. असामी विकता येई. एकाच्या अनेक असामी असत, मग त्याच्या घोड्यांवर बारगीर बसत. घोडे मेले की शिलेदार उघड्यावर पडे, म्हणून पलटणीत दरमहा चंदा गोळा होई आणि त्यातून नव्या घोड्याला मदत मिळे. विमा कंपनीचा एजंट खेड्यात पोचण्याच्या किती आधीची ही गोष्ट! दोन स्वारांमागे एक साईस आणि एक तट्टू असे. साइसाने रानात जाऊन गवत कापायचे, तट्टावर लादून आणायचे.

पागेचा दिवस अंधारातच सुरू होई. घोडी रांगेने बांधलेली. पुढच्या दोरांना अगाडी, मागच्या पायांच्या दोरांना पिछाडी. आधी लीद काढायची, मग खरारा. खरारा नुसता केस साफ करायला नसतो. त्याने रक्त खेळते आणि अंगावरून हात फिरताना कुठे सूज आहे, कुठे खोगीर लागले आहे ते कळते. खूर उचलून त्यातली माती-खडे काढायचे. पाणी आधी, चंदी नंतर. भरल्या पोटावर पाणी पाजले की पोटशूळ उठतो आणि पोटशुळाने चांगले घोडे तासाभरात आडवे होते. चंदी म्हणजे हरभरा किंवा कुळीथ, भरडून, भिजवून, तोबऱ्यात घालून तोंडाला बांधायची. हे सगळे करणाऱ्यांत चाबुकस्वार वेगळा, सलोत्री वेगळा, नालबंद वेगळा. चाबुकस्वार म्हणजे घोडे शिकवणारा. नाव चाबकाचे, पण चांगल्या चाबुकस्वाराच्या हातात चाबूक दाखवण्यापुरता असे. तो चुचकारून, थांबून, पुन्हा तेच करून शिकवी. आठवड्याचे काम दिवसात उरकू पाहणाऱ्याचे घोडे आयुष्यभर तोंडाचे कडक राही.

नव्या स्वाराला आधी रिकिबीशिवाय बसवत. मांड्या सोलून निघत, पण बैठक पक्की होई. लढाईत त्याचा उजवा हात भाल्याला लागणार. लगाम एकट्या डाव्या हातात. म्हणजे घोड्याने हातापेक्षा मांडीला, टाचेला, अंगाच्या झुकण्याला ओळखले पाहिजे. युरोपात ज्याला ड्रेसाज म्हणतात त्याचे मूळ नेमके इथे आहे. दरबारी थाट नंतरचा, आधी जिवाची गरज. नेपल्स आणि व्हिएन्नाच्या रायडिंग स्कुलांत जे शिकवले जाई ते आमच्या चाबुकस्वाराला अगदीच परके वाटले नसते. त्याच्याकडे दुडकीची, रहवालीची, चौखुराची स्वतःची परिभाषा होती.

आणि ग्रंथही होते. सलोत्री हा शब्दच शालिहोत्र या संस्कृत नावावरून आला. घोड्यांच्या लक्षणांचे आणि औषधांचे शास्त्र या ऋषीच्या नावावर चालते. बहामनी काळात आपल्या दख्खनमध्येच त्याचे फारसीत भाषांतर झाले. फारसी-उर्दूत अशा ग्रंथांना फरसनामे म्हणत. सआदत यार खां 'रंगीन' या उर्दू शायराने अठराव्या शतकाच्या अखेरीस असा एक फरसनामा लिहिला आणि 1911 साली फिलॉट या इंग्रज अधिकाऱ्याने तो इंग्रजीत नेला. संस्कृत ऋषी, फारसी अनुवादक, उर्दू शायर, इंग्रज कर्नल, आणि औषध लावणारा मोमिनाबादचा कोणी निरक्षर सलोत्री! ज्ञान कोणाचे, हा वाद घालणाऱ्यांनी एकदा पागेत जाऊन यावे. लगाम, जीन, खोगीर, रिकीब, नाल, तोबरा हे शब्द मराठीतून काढून टाकले तर मराठ्यांचा स्वार घोड्यावर बसणार कसा?

पण पागा म्हणजे नुसती शाळा नव्हती, नोकरी होती, आणि नोकरीत इमान कोणाशी हा प्रश्न येतोच. तो 1857च्या जूनमध्ये आला. कॉन्टिन्जन्टचे पहिले घोडदळ मोमिनाबादहून औरंगाबादला नेले गेले. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून जावे लागणार, अशी बातमी स्वारांत पसरली. त्यांनी सांगितले की आम्ही निजामाच्या मुलखाबाहेर लढायला जाणार नाही. जनरल वुडबर्नची फौज येऊन धडकली. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. जमादार चीदा खान काही साथीदारांसह हैदराबादला पोचला, तिथे सालारजंगाने त्याला पकडून रेसिडेन्सीच्या हवाली केले. त्याच्या सुटकेसाठी 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाझ खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर चाल केली. तुर्रेबाझ खान पुढे मारला गेला, मौलवी अंदमानात गेले. हैदराबादेत या दोघांची आठवण आहे. ज्या घोडदळामुळे हे सारे घडले ते आमच्या अंबाजोगाईच्या पागेतून निघाले होते, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातल्या शाळेत मला कोणी सांगितली नाही. दुसरी बाजूही लपवू नये. त्याच कॉन्टिन्जन्टचे इतर स्वार त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मध्य हिंदुस्थानात इंग्रजांच्या बाजूने लढले. एकाच पागेत शिकलेली माणसे दोन्हीकडे होती.

1903 साली कॉन्टिन्जन्ट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. मोमिनाबादची छावणी उठली. पलटणींना नवी नावे मिळाली. त्यातली एक 20वी डेक्कन हॉर्स. शीख, जाट आणि दख्खनी मुसलमान तिच्यात होते. 14 जुलै 1916च्या संध्याकाळी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुड नावाच्या जंगलाजवळ तिच्या स्वारांनी उभ्या पिकातून भाले रोखून हल्ला केला. समोर मशीनगन होत्या. घोडदळाचा जमाना संपल्याचे घोड्यांना आणि स्वारांना असे कळले. महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत मोडली, 1921मध्ये ही पलटण 29व्या लान्सर्समध्ये मिसळली, आणि आज डेक्कन हॉर्स म्हणजे रणगाड्यांची रेजिमेंट आहे. नावात तेवढे घोडे उरले. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक हैदराबादच्या स्वाराची आहे, हेही कितीजणांना ठाऊक असते? निजामाचे स्वतःचे सैन्य 1948च्या सप्टेंबरनंतर संपले आणि पागेवर जगणारी घरे, साईस, नालबंद, जीनगर, गवत कापणारे, सगळी एकदम रिकामी झाली. त्या वर्षी मराठवाड्यातल्या मुसलमान घरांवर जे गुदरले त्यात घोड्यांचे दुःख करायला सवड कोणाला होती?

आता ड्रेसाजचा मान पाहा. हा खेळ 1912पासून ऑलिंपिकमध्ये आहे. 1952पर्यंत त्यात फक्त लष्करी अधिकारी उतरू शकत. 1948 साली लंडनला स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक मिळवले, पण त्यांचा एक स्वार खरा अधिकारी नसून सार्जंट आहे म्हणून पदक काढून घेतले गेले. घोडे तेच, कौशल्य तेच, खांद्यावरची पट्टी चुकली! हे वाचले तेव्हा मला आमचे दफेदार आणि चाबुकस्वार आठवले. बंदी उठल्यावर हेलसिंकीला पोलिओने पाय अधू झालेल्या लिस हार्टेल या डॅनिश बाईने रौप्यपदक जिंकले. तिला घोड्यावर बसायला, उतरायला मदत लागे. जिच्या पायात जोर नाही तिचे घोड्याने ऐकले, यापेक्षा या विद्येचा मोठा पुरावा मला माहीत नाही.

26 सप्टेंबर 2023 रोजी चीनमधल्या हांगचौ इथे भारताच्या संघाने आशियाई खेळांत ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हजेला. घोडेस्वारीत 1982नंतर, 41 वर्षांनी आलेले हे सोने. ही मुले अनेक वर्षे युरोपातल्या तबेल्यांत राहून शिकली. तिथे मालक आपले घोडे तबेल्यात ठेवतो आणि महिन्याला पैसे भरतो. घोड्याचा दाणा, खरारा, नाल, शिकवणी सगळे तबेला पाहतो. 60 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद आखाड्यात ज्या चाली दाखवायच्या त्यांची रोज तालीम होते. आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मीला, पुण्याच्या आजूबाजूला अशा जागा आहेत. शिलेदारी उलटी झाली म्हणायची: तेव्हा घोडे बाळगणाऱ्याला पगार मिळे, आता त्यालाच पैसे मोजावे लागतात. न बदललेला माणूस एकच, पहाटे लीद काढणारा. पदक देताना त्याचे नाव घेत नाहीत.

वरातीतल्या नाचऱ्या घोड्याला कोणी ड्रेसाज म्हणू नये, एवढे मात्र सांगितले पाहिजे. काटेरी लगामाने तोंड फाडून आणि ढोलाच्या धाकाने उचलायला लावलेले पाय ते. घोड्याच्या कपाळीच्या केसांत खैर बांधलेली आहे असे आपण हदीसमध्ये ऐकतो आणि त्याच कपाळावर झेंडूच्या माळा बांधून त्याला डीजेच्या भिंतीसमोर रात्रभर उभे करतो. जुना चाबुकस्वार तिथे असता तर त्याने आधी त्या घोड्याचे तोंड उघडून पाहिले असते.

चाबुकस्वार गेले, सलोत्री गेले. नालबंद टिकले, निदान आडनावात. आमच्या जिल्ह्यात त्यांना काम मिळाले ते ऊसतोडीने. दसरा झाला की टोळ्या कारखान्यांकडे निघतात. निघण्याआधी बैलांच्या खुरांना पत्री मारून घ्यावी लागते, नाहीतर डांबरी रस्त्यावर खूर झिजून बैल बसतो. बैल आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, खूर तासायचा आणि खिळा मांसाला न लागेल असा तिरपा ठोकायचा. हात घोड्याचेच, जनावर तेवढे बदलले. बैलगाड्या कमी होऊन ट्रॅक्टर आले तसे तेही काम आटत चालले आहे. गेल्या दसऱ्यानंतर रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्या नालबंदाकडे मी आमचा खरारा घेऊन गेलो. त्याने तो हातात घेतला, उलटा केला, दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "घासायला वापरला वाटतं. एका बाजूचे दात गेलेत." मग बैलाच्या पाठीवर एकदा फिरवून पाहिला. बैलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा कडबा खायला लागला.