सर्किट हेच वाद्य मानणारा डेव्हिड ट्यूडर

२९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक गावी डेव्हिड ट्यूडर हे २६ वर्षांचे पियानोवादक वाद्यासमोर बसले, त्यांनी पट्ट्यांवरचे झाकण मिटले आणि चार मिनिटे तेहतीस सेकंदांच्या त्या रचनेत एकही स्वर वाजवला नाही. रचना जॉन केज यांची होती. संगीताच्या इतिहासात ट्यूडर यांचे नाव बहुधा या एका प्रसंगापुरतेच घेतले जाते. त्यांची पुढची चाळीस वर्षे मात्र अगदी वेगळ्या कामात गेली. तारा, अ‍ॅम्प्लिफायर आणि हाताने जोडलेली छोटी उपकरणे यांतून मैफलीत, श्रोत्यांसमोर संगीत घडवण्याच्या कलेचे ते आद्य प्रवर्तक ठरले.

ट्यूडर यांचा जन्म २० जानेवारी १९२६ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. आरंभी ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. पुढे इर्मा वोल्पे यांच्याकडे पियानो आणि स्टेफान वोल्पे यांच्याकडे रचनाशास्त्र ते शिकले. डिसेंबर १९५० मध्ये पियर बुलेझ यांचा दुसरा पियानो सोनाटा त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सादर केला. अमेरिकेत तो तेव्हा प्रथमच वाजवला गेला. त्या तयारीसाठी आंतोनँ आर्तो यांचे रंगभूमीविषयक लेखन मुळातून वाचता यावे म्हणून ते फ्रेंच शिकले. या वृत्तीमुळे संगीतकारांनी त्यांच्यासाठी उत्तरोत्तर अवघड लिहावे हे ओघानेच आले. केज यांची नाणी उडवून रचलेली ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ ट्यूडर यांनीच प्रथम वाजवली. स्टॉकहाउझेन यांनीही काही पियानोरचना त्यांना अर्पण केल्या.

त्यातल्या अनेक संहितांत स्वरलिपीऐवजी केवळ रेषा, ठिपके आणि मोजमापाच्या सूचना असत. काय वाजवायचे हे वादकानेच मोजून, हिशेब करून ठरवायचे असे. ट्यूडर हे काम एखाद्या सर्वेक्षकाच्या काटेकोरपणे करीत. येथेच वादक आणि रचनाकार यांच्यातली सीमारेषा पुसट होऊ लागली. १९६१ च्या सुमारास केज यांच्या ‘व्हेरिएशन्स २’साठी त्यांनी पियानोलाच मायक्रोफोन आणि ग्रामोफोनचे पिकअप जोडले. तारेला जरासा स्पर्श होताच सभागृहभर घुमणारा हा पियानो आता बोटांच्या पूर्ण ताब्यात राहत नव्हता. आयुष्यभर वाद्यावर प्रभुत्व मिळवलेल्या वादकाला नेमकी हीच गोष्ट भावली.

तोपर्यंत इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे पॅरिस वा कलोनच्या स्टुडिओत टेप कापून, जोडून तयार केलेले संगीत असाच सर्वसाधारण समज होता. मैफलीत रिकाम्या मंचावर स्पीकर तेवढे असत. ट्यूडर यांना यंत्राचा हा वापर मान्य नव्हता. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा स्वभाव असतो, त्यावर हुकमत गाजवण्यापेक्षा तो स्वभाव प्रकट होऊ द्यावा, अशी त्यांची धारणा होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शस्त्रागाराच्या भव्य दालनात कलावंत आणि बेल प्रयोगशाळेचे अभियंते यांचे संयुक्त प्रयोग झाले. तेथे त्यांनी ‘बँडोनिऑन!’ सादर केले. बँडोनिऑन हे टँगो संगीतातले भात्याचे वाद्य, आपल्या पेटीचे दूरचे नातलग. त्याच्या स्वरांनी ध्वनीच नव्हे, तर दिवे आणि पडद्यावरच्या प्रतिमाही हलत होत्या. नावातले उद्गारचिन्ह आश्चर्याचे नसून गणितातल्या क्रमगुणिताचे आहे. ट्यूडर यांच्या विनोदाची ही जात.

त्यांची सर्वांत गाजलेली कृती ‘रेनफॉरेस्ट’. १९६८ मध्ये मर्स कनिंगहॅम यांच्या त्याच नावाच्या नृत्यासाठी ती सिद्ध झाली. त्या नृत्याच्या नेपथ्यात अँडी वॉरहॉल यांच्या तरंगत्या रुपेरी उश्या होत्या. यातली कल्पना समजायला सोपी आहे. तंबोऱ्याची तार छेडली की नाद घुमतो तो भोपळ्यामुळे, आणि भोपळा बदलला की नादाचा रंगही बदलतो. ट्यूडर यांनी विद्युत्-ध्वनी स्पीकरमधून न सोडता एका कंपकाच्या साहाय्याने थेट वस्तूतच सोडला. ती वस्तू आपल्या घडणीनुसार काही कंपने उचलून धरी, काही गिळून टाकी. वस्तूला चिकटवलेला मायक्रोफोन तिचा हा ‘आवाज’ टिपून पुढे स्पीकरकडे पाठवी. म्हणजे वस्तू हाच स्पीकर. १९७३ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील चोकोरुआ येथील कार्यशाळेत तरुण सहकाऱ्यांसह त्यांनी याचे चौथे रूप उभारले. छतापासून टांगलेल्या पिंपांच्या आणि पत्र्यांच्या गर्दीतून श्रोत्यांनी हिंडायचे, वाटल्यास एखाद्या वस्तूला कान लावायचा. यातूनच ‘कंपोझर्स इनसाइड इलेक्ट्रॉनिक्स’ हा गट जन्मला.

दुसरी वाट अधिक बिकट होती. सभेत माईक स्पीकरसमोर आला की कर्कश शिट्टी उमटते आणि संयोजकांची धावपळ होते. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पुन्हा त्याच्यातच शिरल्याचा हा परिणाम. ट्यूडर यांनी हाच दोष संगीताचा उगम मानला. ‘अनटायटल्ड’ (१९७२) आणि ‘टोनबर्स्ट’ (१९७५) या रचनांमध्ये बाहेरून कोणताही ध्वनी दिलेला नाही. उपकरणांचा निर्गम पुन्हा त्यांच्याच प्रवेशाला जोडला की साखळी आपणहून गुणगुणू, किंचाळू, फडफडू लागते. ‘अनटायटल्ड’ची उपकरणे इतकी वाढली, की ती एकत्र मंचावर हाताळणे अशक्य होऊन काही भाग आधी ध्वनिमुद्रित करावा लागला. नव्वदच्या दशकात अभियंता फॉरेस्ट वॉर्थमन यांच्या सहकार्याने त्यांनी इंटेलची ६४ कृत्रिम मज्जापेशी असलेली चिप वापरून ‘न्यूरल सिंथेसिस’ रचली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या गजबजाटात हे संगीत ऐकणे उद्बोधक ठरावे. तेथे यंत्राला माणसासारखे वाजवायला शिकवलेले नाही.

ट्यूडर यांचे भारताशी नाते १९६४ पासूनचे. त्या वर्षी कनिंगहॅम यांच्या नृत्यसंचाबरोबर जगभ्रमण करताना ते मुंबई, अहमदाबाद, चंदीगड आणि दिल्लीला आले. केज यांना भारतीय संगीताचे पाठ देणाऱ्या गीता साराभाई हा या साऱ्यातला दुवा होता. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. तो भारतातील अशा प्रकारचा पहिला मानला जातो. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी तेथे १९७२ पर्यंत रचना केल्या. मग सारे विस्मरणात गेले. संस्थेच्या संग्रहात पडून असलेल्या टेप ब्रिटिश कलावंत पॉल पुर्गस यांना २०१७ मध्ये आढळल्या आणि २०२३ मध्ये त्या प्रकाशित झाल्या. सारंगी-सतारीच्या देशात साठ-सत्तरच्या दशकात असे काही घडत होते, याचा पत्ता संगीताच्या जाणकारांनाही नव्हता, हे खेदजनक खरेच.

अहमदाबादच्या टेप निदान टिकल्या. खुद्द ट्यूडर यांच्या रचनांचे काय, हा प्रश्न अधिक बोचरा आहे. १९९२ मध्ये केज यांच्या निधनानंतर ते कनिंगहॅम यांच्या नृत्यसंस्थेचे संगीत संचालक झाले. पक्षाघाताच्या एकामागून एक झटक्यांनंतर १३ ऑगस्ट १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. मागे राहिल्या त्या पेट्या, तारा आणि जोडणीच्या आकृत्या. आकृतीत चौकोन आणि खुणा आहेत, पण कोणत्या चौकोनाच्या जागी कोणते उपकरण, हे पुष्कळदा नोंदलेलेच नाही. जोडणी जमली तरी कोणती कळ कधी आणि किती फिरवायची, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. ख्याल गायकीत बुजुर्गाबरोबर बंदिशीचा लगाव जातो, तरी शिष्याच्या गळ्यात काही उरते. इथे गळाही यंत्राचाच. कागदपत्रे लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेत आणि वाद्ये वेस्लियन विद्यापीठात आहेत. यू नाकाई या अभ्यासकाने २०२१ मध्ये प्रकाशित केलेला ग्रंथ या वस्तूंचा एकेक धागा उलगडत ट्यूडर यांच्या रचनापद्धतीचा माग काढतो.

‘रेनफॉरेस्ट’चे नशीब तुलनेने बरे. ती शिष्यांनी हाताने केलेली, ऐकलेली, वाहून नेलेली कृती होती. तिचे पाचवे रूप त्यांनी सिद्ध केले आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ते २०१९ मध्ये प्रदर्शित केले. टांगलेल्या वस्तू पुन्हा घुमू लागल्या. मात्र या रूपात वादक नाहीत, ध्वनी आपोआप सुरू राहतात.